एक डोळा उघडा

आमच्या घरात कुणी "काही नाही" असं उत्तर दिलं की मी सावध होतो. काही नाही म्हणजे काहीतरी आहे, एवढं मला कळतं. माझी नोकरीच तशी. सरकारी कारखान्यात तपासणी विभागात वीस वर्षं काढली. समोर आलेला भाग चांगलाच असणार असं धरून चालणं हा आमच्याकडे गुन्हा. ज्या पेटीवर कुणी आधीच 'ठीक' अशी खूण केलेली असते, ती मी सगळ्यात आधी उघडतो. बायको म्हणते, ऑफिसचं ऑफिसात ठेव. पण खरं सांगायचं तर सांगलीकडून बंगळूरला आलो तेव्हाही मी असाच होतो. कारखान्यानं फक्त त्याचा पगार द्यायला सुरुवात केली.

त्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. के. आर. पुरमच्या पुलाजवळ माझी स्कूटर घसरली आणि उजव्या घोट्याला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीनं सुट्टीत कुठल्याही क्लासला जायला नकार दिला. आमच्या अपार्टमेंटमध्ये हे दुसरं जास्त गंभीर मानतात. एप्रिल लागला की इथल्या मुलांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी पोहणं, मग बुद्धिबळ, मग कोडिंग, संध्याकाळी कीबोर्ड. शेजारच्या मुलाला मी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, सुट्टी कशी चाललीय, तर तो म्हणाला, "अंकल, सुट्टी संडेला असते."

"मग तू दिवसभर करणार काय?" मी मुलीला विचारलं.

"काही नाही."

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

बायको सकाळी स्वयंपाक करून आठच्या मेट्रोनं ऑफिसला जायची. मागे मी सोफ्यावर, पाय स्टुलावर, आणि मुलगी घरभर. जेवण साडेबाराला. आणि मी घरी असल्यामुळे नैवेद्यही आता जेवणाआधी. आमच्याकडे देवाला रोज वरणभाताचा नैवेद्य असतो. मी घर सोडलं तेव्हा आईनं माझ्याकडून एवढं एकच वचन घेतलं होतं, आणि मी ते पाळत आलोय. पाळत आलोय म्हणजे सकाळी सातला डबे भरायच्या आधी चिकपेटेच्या बाजारातून आणलेल्या छोट्या पितळी ताटलीत भाताची मूद, त्यावर वरण, तूप, तुळशीचं पान. पाण्याचं मंडल, ताटाभोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे, 'प्राणाय स्वाहा' पुटपुटायचं, डोळे उघडायचे. अर्धं मिनिट. मुलीच्या शाळेचा कॅबवाला खाली हॉर्न वाजवत असला तर त्याहून कमी.

कुबड्या घेतलेल्या माणसाला ताटली उचलून नेता येत नाही. तेव्हा ते काम मुलीकडे आलं. मी सोफ्यावरूनच तिला सगळं शिकवलं.

"डोळे किती वेळ मिटायचे?" तिनं विचारलं.

"देव जेवेपर्यंत," मी म्हणालो. माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं. आपल्याकडे असं सांगायची पद्धत आहे, आणि ऐकणारा ते अर्धं मिनिट असं समजून घेतो, हीही पद्धतच.

पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा आवाज आला. मग 'प्राणाय स्वाहा' ऐकू आलं. मग युटिलिटीचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. युटिलिटी म्हणजे स्वयंपाकघरामागची कपडे-भांड्यांची बोळकांडी. वॉशिंग मशीन, बादल्या, वाळत घातलेले कपडे, ग्रिल. बंगळूरच्या प्रत्येक फ्लॅटला ही असतेच. आमचं देवघर ओट्याच्या टोकाला, या दाराला लागूनच आहे. मी वाट बघितली. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. हाक मारली तर आतून "थांब" एवढंच आलं. ती बाहेर आली तेव्हा एक वाजून गेला होता आणि वरणावर साय धरली होती.

"काय करत होतीस?"

"सुम्ने बसले होते."

सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. समोरच्या फ्लॅटमधल्या कानडी अज्जींकडून तिनं हा शब्द उचललाय. मराठीत "काही नाही" आणि कानडीत "सुम्ने". मुलगी दोन भाषांत मला चकवते आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी चाळीस. मी आता रीतसर तपासाला लागलो. आधी मोबाइल. माझे दोन्ही फोन माझ्याजवळ होते, तिचा टॅब कपाटात कुलपात. म्हणजे तो मार्ग बंद. मग खाणं. लाडवांचा डबा मी मोजून ठेवला. एकही लाडू कमी झाला नाही. मग नैवेद्यच खात असेल का? ती ताटली घेऊन माझ्यासमोरून जायची तेव्हा "बघू गं, मूद नीट पडलीय का" म्हणून मी फोटो काढून घ्यायचो, आणि परत आली की पुन्हा. तुळशीच्या पानाचं टोकसुद्धा हललेलं नसायचं. मग मला वाटलं, ग्रिलमधून समोरच्या इमारतीतल्या कुणाशी खाणाखुणा चालल्या असतील. सोफा खिडकीकडे सरकवून मी दोन दुपारी समोरच्या इमारतीवर नजर ठेवली. तिथे एक बाई मिरच्या वाळवत होती. तिनं माझ्याकडे इतक्या संशयानं बघितलं की मी पडदा ओढून घेतला.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तू घरी बसून बोअर झालायस. ओव्हरथिंक करू नकोस. तिला सुट्टी आहे."

"चाळीस मिनिटं बादल्यांच्या खोलीत? नऊ वर्षांची मुलगी? तिला काही त्रास तर होत नसेल? शाळेत काही झालं असेल?"

ही भीती खरी होती. हल्लीच्या मुलांचं काय काय ऐकतो आपण. एखादं मूल हसतखेळत असतं आणि आईबापांना वर्षभरानं कळतं की आत काहीतरी सडत होतं. लाडू मोजणं ही माझी खोड होती, पण या भीतीनं माझी झोप उडाली.

अज्जींनाही विचारलं, त्या कैरीचं लोणचं द्यायला आल्या तेव्हा. मुलगी तुमच्याकडे काही बोलते का? त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाल्या, "मगूना सुम्ने बिडि, अण्णा." पोरीला तिच्या मनासारखी राहू दे. मला वाटलं, यांना माहीत आहे आणि सांगत नाहीत.

दाराशी जाऊन कान लावायचा प्रयत्न करून झाला होता. कुबड्या घेऊन चोरपावलांनी जाता येत नाही. प्रत्येक फरशीवर टक, टक. मी स्वयंपाकघरात पोचायच्या आत आतून आवाज यायचा, "बाबा, अजून नाही झालं!"

तेव्हा मी ते केलं. जुना फोन घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि ती अंघोळीला गेली असताना युटिलिटीत वॉशिंग पावडरच्या डब्यामागे टेकवून ठेवला. स्वतःला समजावलं, बापाला एवढा अधिकार असतो. लेकीच्या काळजीपोटी करतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं; ती बाहेर येईपर्यंत मीच घामाघूम.

संध्याकाळी ती अज्जींकडे गेल्यावर मी ते बघितलं.

ती आत येते. दार लावते. उलटी बादली ओढून त्यावर बसते. एक मिनिट नीट बसते. मग पाय हलवायला लागते. दोरीवरचे चिमटे काढून रंगांप्रमाणे लावते, पुन्हा विस्कटते. नळाच्या थेंबाखाली बोट धरते. वॉशिंग मशीनला गाल लावून "शी, बोअर, बोअर, बोअर" असं गाणं म्हणते. दाराकडे तोंड करून हळूच विचारते, "झालं का?" उत्तर येत नाही. मोठा उसासा. बादलीवरून घसरून फरशीवर बसते, पुन्हा वर. एकदा तर रडेल असं वाटलं. मला तिची दया आली आणि रागही. एवढा कंटाळा येतोय तर ऊठ ना!

ती उठली नाही. मग कधीतरी, नेमकं कधी ते मला तीनदा बघूनही सांगता आलं नाही, तिचे पाय हलायचे थांबले. हात मांडीवर. डोळे उघडे, पण कशावर लावलेले नाहीत. ग्रिलवर कबुतर येऊन बसलं, पंख फडफडवले. तिनं मान वळवली नाही. बराच वेळ ती तशीच होती. माझ्या मुलीचा तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. दुःखी नव्हता. झोपाळू नव्हता. मला त्यात काही दोष सापडेना, आणि मी शोधत होतो. मग कुणी हाक मारावी तशी ती उठली, फ्रॉक सारखा केला आणि दार उघडून आत गेली.

रात्री जेवताना मी साळसूदपणे विचारलं, "काय गं, देव जेवला हे तुला कसं कळतं?"

"कळतं," ती म्हणाली. "आधी खूप कंटाळा येतो. खूप म्हणजे खूपच. मग तो आपोआप जातो. तो गेला की समजायचं, त्याचं झालं."

"पण देवासमोर का बसत नाहीस?"

"आपण जेवताना कुणी टक लावून बघितलेलं आपल्याला आवडतं का?"

"मग हॉलमध्ये ये."

"हॉलमध्ये तू असतोस. तू प्रश्न विचारतोस."

बायको हसायला लागली. मी नाही हसलो. मला माझी आई आठवली. मी साधारण याच वयाचा असताना एका दुपारी नैवेद्याच्या वेळी एक डोळा किलकिला ठेवून बघितलं होतं. मुदीवर आधीच बोटानं बारीक खूण करून ठेवली होती. खूण तशीच राहिली, आणि मी घरभर जाहीर केलं की देव जेवत नाही, मी तपासलंय. आई रागावली नाही. म्हणाली, "बरं. ज्याला थांबायचं नाही, त्यानं आधी जेवून घ्यावं." त्या दिवसापासून तिनं मला नैवेद्याआधी वाढायला सुरुवात केली. बाकीचे थांबायचे, मी गरम भात खायचो. मला तो विजय वाटला होता. तिनं मला कशातून वगळलं होतं, ते त्या रात्री, लेकीच्या त्या तीन उत्तरांनंतर कळलं, आणि फार वाईट वाटलं.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण तपासनिसाला उत्तम माल सापडला की शिक्का मारल्याशिवाय चैन पडत नाही. मी त्या रेकॉर्डिंगमधली शेवटची तीन मिनिटं कापली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. 'आमची लेक. वय नऊ. कुणी शिकवलेलं नाही.' सकाळपर्यंत हात जोडलेल्यांची रांग लागली. कुणी पूर्वपुण्याई म्हणालं, कुणी म्हणालं दृष्ट काढा. मी ते परत परत वाचलं. त्यावरच भागलं नाही. अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये मुलांसाठी ध्यानाचं शिबिर चालू होतं, तिथल्या शिक्षकांना मी फोन केला. मुलगी नको नको म्हणत असताना, "अगं, तू घरी करतेस तेच तर आहे," असं सांगून तिला पाठवलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर गादीवर बसवलं आणि बाकीच्या मुलांना सांगितलं, हिच्यासारखं बसा. दोन दिवसांनी तिला प्रमाणपत्र मिळालं. ते तिनं आणून टीव्हीखाली ठेवलं, उलटं.

त्याच संध्याकाळी माझ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मुलीला पुढे घेऊन मी कौतुकानं बसलो होतो. बहीण म्हणाली, "अगं, किती गोड बसतेस तू त्या बादलीवर! कबुतर आलं तरी हलली नाहीस!"

मुलीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. कॉल संपल्यावर तिनं विचारलं,

"तू आत मोबाइल ठेवला होतास?"

"हो, म्हणजे, मला काळजी वाटत होती..."

"देव जेवत असताना?"

"कॅमेरा तुझ्याकडे होता, देवाकडे नव्हता," मी म्हणालो. असलं बिनडोक उत्तर मी कारखान्यात कुणाकडून ऐकून घेतलं नसतं.

ती उठून दात घासायला गेली. मला वाटलं होतं भांडेल, रडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिनं नेहमीसारखी मूद पाडली, तूप घातलं, पान ठेवलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. पाणी फिरवून तिनं हात जोडले आणि भराभर 'प्राणाय स्वाहा' म्हणून टाकलं. डोळे मिटले. मग एक डोळा उघडला आणि माझ्याकडे बघितलं, मी बघतोय का ते बघायला. अर्धं मिनिटही झालं नसेल.

"झालं, बाबा. बस जेवायला."

इतक्या दिवसांनी भात वाफाळता होता. मी तो ताटात नुसताच चिवडत बसलो. ती मात्र जेवली, ताट उचललं आणि म्हणाली, "मला टॅब दे. आणि त्या कोडिंगच्या क्लासला नाव घातलंस तरी चालेल."

पुढचे दोन आठवडे असेच गेले. मी माफी मागितली, एकदा नाही, तीनदा. ती "सरी, सरी" म्हणायची, म्हणजे कानडीत ठीक आहे, ठीक आहे, रिक्षावाल्याला म्हणावं तसं. बायको म्हणाली, "मुलं विसरतात रे." मला ते खोटं वाटत होतं. मी विसरलो नव्हतो ना, आईनं मला आधी वाढलेलं? माझ्या मुलीला कुणी न शिकवता एक जागा सापडली होती, जिथे कंटाळा संपेपर्यंत ती थांबू शकत होती. तिथे मी भोक पाडलं होतं. आता ती कधी एकटी बसली तरी तिला पावडरचा डबा आठवणार. कुठेही, मोठी झाली तरी. हे मला असह्य व्हायचं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

प्लास्टर निघालं. सोमवारपासून कामावर जायचं होतं. शुक्रवारी, बायको ऑफिसात असताना, मी मुलीला म्हणालो, "आज नैवेद्य मी दाखवतो."

"सरी," ती टॅबवरून मान वर न करता म्हणाली.

मी मूद पाडली. पाणी फिरवलं. डोळे मिटले, उघडले, आणि मग माझे दोन्ही फोन तिच्यासमोर टीपॉयवर ठेवून युटिलिटीत गेलो, दार लावलं आणि बादली उलटी करून बसलो. बादली करकरली. पाच मिनिटांत घोटा ठणकायला लागला. चिमटे मोजले. पावडरच्या डब्यावरचं सगळं वाचलं, वजन, किंमत, बनवल्याची तारीख. पंधरा मिनिटांनी कंटाळा असा आला की तो अंगावर पांघरल्यासारखा वाटायला लागला. देव जेवतोय यावर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक सांगत नाही. पण उठायचं नाही, एवढं ठरवलं होतं. आत काय चाललंय, मुलगी काय करतेय, भात निवला असेल, हे सगळं मनात येत होतं आणि मी मुकाट बसलो होतो.

दार किलकिलं झालं. आधी तिचा एक डोळा दिसला.

"काय करतोयस?"

"सुम्ने बसलोय."

तिचा विश्वास बसला नाही. आत आली. पावडरचा डबा उचलून मागे बघितलं. वॉशिंग मशीनच्या मागे हात घातला. माझ्या शर्टाचा खिसा चाचपला. दोरीवरची चादर उचलून बघितली. अगदी पद्धतशीर, एकही जागा सोडली नाही. ती माझीच मुलगी आहे, यात शंका नव्हती.

काही सापडलं नाही तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तुझा कंटाळा गेला?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही," मी म्हणालो. "अजून नाही गेला."

"मग उठू नकोस," ती म्हणाली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लावल्याचा आवाज आला.

मी ऐकत राहिलो. टॅबचा आवाज येत नव्हता. तिची पावलं हॉलकडे गेल्याचंही ऐकू आलं नाही. ती दारापलीकडे फरशीवर बसली असेल, किंवा नसेल. आमच्या युटिलिटीच्या दाराला फट नाही. मी हात मांडीवर ठेवले आणि दाराकडे बघायचं सोडून दिलं.